ध्वनिमुद्रक शीर्षांची निगा

ध्वनिमुद्रक शीर्षांची निगा : चुंबकीय फितीवर ध्वनी मुद्रित करणाऱ्या, मुद्रित ध्वनी पुन्हा ऐकविणाऱ्या व नको असलेले मुद्रण पुसून टाकणाऱ्या उपकरणातील ज्या भागांना फीत प्रत्यक्ष घासत जाते त्यांना शीर्षे (व्यवहारात ‘हेड’) म्हणतात. उपकरणातील इतर सर्व भाग सुस्थितीत असूनही शीर्ष मळलेले, झिजलेले, तिरके बसलेले किंवा चुंबकित झालेले असेल, तर ध्वनी निकृष्ट येतो. एवढेच नव्हे, तर अशा शीर्षावरून गेलेली फीत कायमची बिघडू शकते. फितींचे नित्य उत्पादन चालू होते तोवर या गोष्टीचे महत्त्व मर्यादित होते, कारण बिघडलेले गाणे पुन्हा विकत घेता येत असे. ज्या फितीची दुसरी प्रत अस्तित्वात नाही तिच्या बाबतीत मात्र शीर्षाची निगा हा फितीच्या जतनाचाच भाग ठरतो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, विशेषतः गोंदिया जिल्ह्यात, अशा एकुलत्या एक फितींचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

रचना व कार्य : ध्वनीचे चुंबकीय मुद्रण प्रथम डेन्मार्कमधील व्हाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर करून दाखविले. कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देण्याची कल्पना फ्रिट्‌स फ्लॉयमर यांनी जर्मनीत १९२८ मध्ये मांडली. १९३५ साली बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात एइजी या कंपनीचा ‘मॅग्नेटोफोन’ हा फीत-ध्वनिमुद्रक लोकांपुढे आला. त्यात एडुआर्ट श्यूलर यांनी योजिलेले कंकणाकृती शीर्ष वापरलेले होते व पुढील सर्व शीर्षे मूलतः त्याच धर्तीची आहेत. त्यापूर्वीच्या शीर्षांची टोके धारदार असल्याने कागदी पट्टी फाटत असे. कंकणाकृती शीर्षाचा पृष्ठभाग गुळगुळीत व बाकदार असल्याने फीत त्यावरून सहज सरकते.

शीर्षाचा गाभा चटकन चुंबकित होणाऱ्या व तितक्याच चटकन चुंबकत्व सोडणाऱ्या पदार्थाचा असतो. त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. कंकण एका ठिकाणी छेदलेले असून तेथे अतिशय अरुंद फट असते व ती अचुंबकीय पदार्थाने भरलेली असते. मुद्रण करताना वेटोळ्यातील बदलत्या विद्युत् प्रवाहामुळे फटीजवळ बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व तेथून जाणाऱ्या फितीवरील लोह ऑक्साइडाचे सूक्ष्म कण त्या त्या प्रमाणात चुंबकित होतात. पुनरुत्पादनात याच्या उलट क्रिया होते : फितीवरील चुंबकत्वामुळे वेटोळ्यात क्षीण विद्युत् दाब उत्पन्न होतो व तो विवर्धकाकडे पाठविला जातो. मोठ्या यंत्रांत पुसणारे, मुद्रण करणारे व ऐकविणारे अशी तीन वेगळी शीर्षे असतात. सामान्य कॅसेट यंत्रात मुद्रण व पुनरुत्पादन एकाच शीर्षाकडून होते. ऐकविणाऱ्या शीर्षाची फट कॅसेट यंत्रात सु. १ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर पुसणाऱ्या शीर्षाची फट त्याच्या कित्येक पट रुंद असते.

गाभ्यासाठी प्रामुख्याने तीन पदार्थ वापरले गेले. पर्मॉलॉय (निकेल व लोह यांची मिश्रधातू) उत्तम ध्वनी देते. परंतु ती मऊ असल्याने लवकर झिजते. सेंडस्ट (लोह, सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांची मिश्रधातू) तिच्याहून कठीण असते. फेराइट हा मृत्तिकेसारखा भाजून तयार केलेला पदार्थ फारच कठीण असून तो सहसा झिजत नाही. मात्र तो ठिसूळ असल्याने पेचकस निसटून लागला, तर फटीच्या कडेचा टवका उडतो व शीर्ष निकामी होते. म्हणून शीर्ष कोणत्या पदार्थाचे आहे, हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेवरून आधी पाहून घेणे इष्ट असते.

मळ व त्याचा परिणाम : फितीवरील कण बंधक द्रव्याने (चिकटून राहण्यासाठी घातलेल्या रेझिनाने) पायापट्टीला चिकटविलेले असतात. फीत शीर्षावरून घासत जाताना त्यांतील काही अंश सुटून शीर्षावर तपकिरी थराच्या रूपात साचतो. त्यात हवेतील धूळ व बोटांचा तेलकटपणा मिसळतो. हा थर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ असला, तरी त्याचा परिणाम अनपेक्षित रीत्या मोठा असतो. फीत व शीर्ष यांमध्ये अंतर पडल्यास होणारी हानी आर. एल. वॉलेस यांनी १९५१ मध्ये गणिताने मांडून दाखविली. त्यांच्या सूत्रानुसार हानी (डेसिबेलमध्ये) म्हणजे ५४·६ गुणिले अंतर भागिले फितीवरील तरंगलांबी होय. तरंगलांबी फितीच्या वेगाला ध्वनीच्या कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येने) भागून मिळते.

कॅसेटमधील फितीचा वेग सेकंदास ४·७६ सेंमी. असतो. त्यामुळे १०,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची फितीवरील तरंगलांबी ४·७६ मायक्रोमीटर भरते. शीर्षावर केवळ १ मायक्रोमीटर जाडीचा मळ बसला, तरी या ध्वनीची हानी सु. ११·५ डेसिबेल होते. म्हणजे शीर्षात निर्माण होणारा विद्युत् दाब जवळजवळ एक-चतुर्थांशावर येतो. त्याच मळामुळे १,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची हानी मात्र १·१५ डेसिबेल एवढीच होते व ती कानाला क्वचितच जाणवते. सेकंदास १९·०५ सेंमी. वेगाने चालणाऱ्या मोठ्या रिळांच्या यंत्रात १०,००० हर्ट्‌झलाही हानी ३ डेसिबेलच्या आतच राहते. घरगुती कॅसेट यंत्राला मोठ्या यंत्रापेक्षा अधिक वारंवार सफाई का लागते, हे यावरून लक्षात येईल. मळलेल्या शीर्षातून आवाज बंद होत नाही, तो ‘दबलेला’ येतो. खर्जाचे स्वर, ढोलाचा ठोका, पुरुषाचा भारदस्त आवाज हे सर्व ऐकू येत राहते. फक्त टाळांची किणकिण, बासरीतील फुंकर व बोलण्यातील ऊष्म वर्ण पुसट होतात. ऐकणारा त्याचा दोष जुन्या फितीला देतो व मळ तसाच राहतो.

झाडीपट्टीतील मुद्रणे : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रधान, धानपिकाच्या टापूस झाडीपट्टी म्हणतात. तेथील झाडीबोली ही मराठीची बोली, गोंदिया-बालाघाट भागातील पोवारी तसेच गोंडी व हलबी या भाषा-बोली, त्याचप्रमाणे दंडार, खडी गंमत, गोंधळ हे लोकनाट्य व लोकगायनाचे प्रकार आणि दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालणारा रात्रभराच्या नाटकांचा हंगाम यांमुळे हा प्रदेश लोकसाहित्याच्या अभ्यासकांना समृद्ध वाटत आला आहे. धानाच्या रोवणीच्या वेळी बाया म्हणतात ती गाणी, लग्नातील गाणी, सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला भरणाऱ्या गोंड समाजाच्या यात्रेतील गायन हे सर्व मुख्यतः मौखिक परंपरेने चालत आलेले आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त कॅसेट यंत्रांमुळे वीज न पोहोचलेल्या गावातही मुद्रण करणे शक्य झाले. १९८० च्या दशकात भारतात कॅसेटचा प्रसार झपाट्याने झाला. त्या काळातील अशी मुद्रणे बव्हंशी एकाच प्रतीत, साध्या फितीवर व साध्या यंत्रावर केलेली असतात. गायिका व सोंगाडे यांच्यापैकी अनेकजण आज हयात नाहीत. अशी कॅसेट मळलेल्या वा चुंबकित शीर्षावर हौसेने पुन्हापुन्हा वाजविली जाते, तेव्हा दर खेपेस तिच्यातील काही भाग नाहीसा होत असतो.

बोलींच्या अभ्यासात तर हा दोष केवळ कर्णमाधुर्याचा राहत नाही. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ व ‘श’च्या जागी ‘स’ येतो, हे तिचे ठळक वैशिष्ट्य मानले जाते. एखादा वक्ता शाळेच्या संस्काराने ‘श’ म्हणतो की घरच्या बोलीप्रमाणे ‘स’, हे फितीवरून ठरवावयाचे असेल, तर या दोन वर्णांतील घर्षणध्वनी नीट ऐकू आला पाहिजे. ‘श’मधील घर्षणध्वनीचा जोर साधारणतः ३,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो, तर ‘स’चा जोर त्याहून बराच वर, ४,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. कॅसेट यंत्राच्या शीर्षावर १ मायक्रोमीटर मळ असता ३,००० हर्ट्‌झला सु. ३·४ डेसिबेल, तर ७,००० हर्ट्‌झला सु. ८ डेसिबेल हानी होते. म्हणजे मळ ‘स’ला अधिक व ‘श’ला कमी खातो आणि दोहोंमधील भेद अंधुक करतो. न व ण किंवा र व ळ यांचा भेद मुख्यतः खालच्या कंप्रतांवर अवलंबून असल्याने तेथे हा धोका पुष्कळच कमी असतो. ध्वनीविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी फीत कोणत्या स्थितीतील शीर्षावर वाजविली, याची नोंद अभ्यासकाने अवश्य ठेवावी. ती सहसा ठेवलेली आढळत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

या प्रदेशाची हवाही शीर्षांना अनुकूल नाही. वार्षिक पाऊस १,२०० मिमी.हून अधिक असून पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते; उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. पहिल्या अवस्थेत फितीवर बुरशी येते व शीर्षाच्या लोखंडी आधारांवर गंज चढतो, तर दुसऱ्या अवस्थेत बंधक द्रव्य मऊ पडते व रबरी भाग कडक होऊन तडकतात. शिवाय गोंदिया हे भातगिरण्यांचे शहर आहे. धानाच्या तुसात वजनाच्या सु. १५ ते २० टक्के सिलिका असते. तुसाची बारीक धूळ व ते जाळल्यावर उरणारी राख ही दोन्ही घर्षक (घासून झीज घडविणारी) असतात. गिरणीच्या परिसरात उघडे ठेवलेले यंत्र झाकलेल्या यंत्राच्या मानाने लवकर झिजते, यात नवल नाही. यंत्रावर जाडसर सुती आच्छादन घालावे. प्लॅस्टिकचे आच्छादन पावसाळ्यात आत ओल धरून ठेवते.

साफसफाई : सफाईपूर्वी यंत्र बंद करून विजेची पिन खोक्यातून काढावी, बॅटरीवरील यंत्रातील बॅटऱ्या काढाव्यात. निर्वात नलिका (व्हॉल्व्ह) असलेल्या जुन्या यंत्रांत पिन काढल्यावरही काही धारित्रांत (विद्युत् भार साठविणाऱ्या घटकांत) २०० व्होल्टपेक्षा अधिक दाब काही काळ टिकून राहतो. म्हणून अशा यंत्राचे आतले झाकण माहीतगाराशिवाय कोणी उघडू नये. शीर्षे बाहेरून पोहोचण्याजोगी असतात व त्यांच्या सफाईसाठी आतले झाकण उघडण्याची गरजही नसते.

सफाईसाठी ९० टक्क्यांहून अधिक, शक्यतो ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहॉल वापरतात. ते मळ विरघळविते, चटकन उडून जाते व मागे काही ठेवीत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे अल्कोहॉल योग्य नव्हे, कारण उरलेला भाग पाणी असते. जखमेसाठीच्या स्पिरिटाच्या काही प्रकारांत एरंडेलासारखे पदार्थ घातलेले असतात व त्यांचा पातळ थर शीर्षावर राहतो. नखांचे रोगण काढण्याच्या द्रवातील ॲसिटोन आसपासचे प्लॅस्टिक विरघळविते. पेट्रोल व रॉकेल यांमुळे तेलकटपणा वाढतो, शिवाय आगीचे भय असते ते वेगळेच. पूर्वीच्या पुस्तिकांत कार्बन टेट्राक्लोराइडाची शिफारस आढळते; ते यकृतास अत्यंत घातक असल्याने वापरू नये. आयसोप्रोपिल अल्कोहॉलही ज्वालाग्राही आहे. १२° से.च्या आसपासच त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, तेव्हा गोंदियाच्या उन्हाळ्यात बाटली उघडी ठेवणे किती धोक्याचे आहे, हे सांगावयास नको. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ दिवा, उदबत्ती वा विडी नसावी, काम चमचाभर द्रव वेगळा काढून करावे व बाटलीचे झाकण लगेच लावावे.

बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीला स्वच्छ कापूस घट्ट गुंडाळून बोळा करावा अथवा तंतू न सुटणारे सुती कापड घ्यावे. बोळा द्रवात बुडवून पिळावा. तो ओथंबलेला असता द्रव बेअरिंगमध्ये शिरून तेथील वंगण धुऊन काढतो. शीर्षाच्या पृष्ठभागावर फितीच्या मार्गाला धरून हलक्या हाताने पुसावे. बोळा तपकिरी झाला की टाकून नवा घ्यावा व बोळा स्वच्छ निघेपर्यंत ही क्रिया करावी. वाळलेला थर निघत नसेल, तर ओला बोळा मिनिटभर त्यावर टेकवून ठेवावा. नखाने, ब्लेडने किंवा सुईने खरवडू नये. फितीला दिशा देणारे खुंट व फीत ओढणारा धातूचा दंड (कॅप्स्टन) याच पद्धतीने पुसावेत. फितीला दंडावर दाबून धरणाऱ्या रबरी रुळाला मात्र अल्कोहॉल वारंवार लागल्यास तो कोरडा पडून चकाकू लागतो. त्यासाठी सौम्य साबणाच्या पाण्याने किंचित ओला केलेला कपडा बरा. नंतर कोरडा हात फिरवावा. शेवटी सर्व भाग पाच-दहा मिनिटे वाळू देऊन मगच यंत्र सुरू करावे. स्वच्छ शीर्षाला पुन्हा बोट लावू नये.

नित्य वापरात उत्पादकांच्या पुस्तिका सु. १० तासांच्या वापरानंतर सफाई सुचवितात. जुन्या, मोलाच्या फिती अंकीय स्वरूपात उतरवून घेताना हा हिशेब लागू पडत नाही. तेथे प्रत्येक फितीच्या आधी व नंतर शीर्ष पुसावे. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या ‘सफाई कॅसेट’मधील पट्टी घर्षक असते व तिचा सततचा वापर म्हणजे शीर्षावर बारीक पॉलिश कागद फिरविण्यासारखेच आहे.

विचुंबकन : लोखंडी अवजाराचा स्पर्श, यंत्र सुरू वा बंद करतानाचा विजेचा झटका किंवा दीर्घ वापर यांमुळे शीर्षात व जवळच्या पोलादी खुंटांत थोडे अवशिष्ट (मागे राहिलेले) चुंबकत्व येते. मग फितीत खरखर वाढते, मुद्रणात विकृती येते व त्या शीर्षावरून जाणाऱ्या फितीवरील उच्च कंप्रतेचे मुद्रण थोडे थोडे पुसले जाते. शीर्षाचे वेटोळे तुटले आहे की नाही हे पाहण्यासाठी दुरुस्ती करणारे कधी कधी रोधमापक (मल्टिमीटर) लावतात. त्यातील एकदिश प्रवाहाने शीर्ष चुंबकित होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हे चुंबकत्व घालविण्याच्या क्रियेस विचुंबकन म्हणतात. त्यासाठीच्या साधनात घरगुती विजेच्या प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहावर चालणारे वेटोळे व त्यातून बाहेर आलेले टोक असते. ५० हर्ट्‌झच्या प्रवाहामुळे टोकाजवळचे क्षेत्र सेकंदास शंभर वेळा दिशा बदलते. टोक हळूहळू दूर नेले, की शीर्षातील चुंबकत्व लहान लहान फेऱ्यांत घटत शून्यावर येते. या ‘हळूहळू’ला फार महत्त्व आहे. साधन शीर्षापासून हातभर दूर असतानाच सुरू करावे, सावकाश जवळ आणावे, शीर्षाला न टेकवता त्यावरून दोन-चार वेळा फिरवावे, मग सेकंदास काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने एक मीटरपर्यंत मागे न्यावे व तेथेच बंद करावे. शीर्षाजवळ असताना साधन बंद केले, तर त्या क्षणी क्षेत्र ज्या दिशेला असेल त्या दिशेचे जोरदार चुंबकत्व शीर्षात कायम राहते. म्हणजे रोग मूळच्याहून वाढतो.

नेमका हाच अपघात वीज अचानक गेल्यास होतो. जेथे वीज वेळी-अवेळी जाते तेथे हे काम भारनियमनाची वेळ पाहून करावे. मध्येच वीज गेलीच, तर ती परत आल्यावर साधन दूर अंतरावरून पुन्हा सुरू करून सर्व क्रिया पहिल्यापासून करावी. त्याआधी त्या यंत्रावर कोणतीही फीत लावू नये. विचुंबकनाच्या वेळी यंत्र बंद असावे, सर्व फिती दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात, मनगटावरील घड्याळ काढावे व साधनाच्या टोकाला प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावावी, म्हणजे चुकून स्पर्श झाला तरी ओरखडा पडत नाही. साधनाच्या तारेचे वेष्टन अखंड आहे हे आधी पाहावे व ते तापत असल्याने काही मिनिटांपेक्षा अधिक वेळ सुरू ठेवू नये.

विचुंबकन किती वेळा करावे, याविषयी तंत्रज्ञांत एकमत नाही. पुस्तिकांत ३० ते ५० तासांचा काळ सांगितलेला आढळतो. नंतरच्या काळातील शीर्षांत अवशिष्ट चुंबकत्व फारच कमी राहते. निष्काळजीपणे केलेल्या विचुंबकनापेक्षा ते मुळीच न केलेले परवडते. ज्याचा हात सरावलेला नाही त्याने सफाई नियमाने करावी व विचुंबकन जाणत्यावर सोपवावे.

दिगंश जुळणी : शीर्षातील फट फितीच्या लांबीशी बरोबर काटकोनात असावी लागते. या कोनाच्या जुळणीस दिगंश जुळणी म्हणतात. एकध्वनी कॅसेटमधील मुद्रणपट्टा सु. १·५ मिमी. रुंद असतो. फट केवळ एक-षष्ठांश अंश तिरकी झाली, तर १०,००० हर्ट्‌झचा ध्वनी मूळच्या एक-दशांशाच्याही खाली जातो. शीर्षाच्या बाजूस स्प्रिंगवर बसविलेला एक लहान स्क्रू असतो, तो फिरवून हा कोन बदलता येतो. पुष्कळजण सफाई न करता आधी हाच स्क्रू फिरवतात व दोन दोष एकत्र करून ठेवतात.

येथे जुन्या फितींसंबंधी एक अडचण येते. ज्या यंत्रावर मूळ मुद्रण झाले त्याचेच शीर्ष तिरके असेल, तर फितीवरील मुद्रणही तितकेच तिरके असते व ते प्रमाण जुळणीच्या यंत्रावर दबलेले ऐकू येते. अशा फितीसाठी, ती वाजत असता, स्क्रू अगदी किंचित फिरवून वरचे स्वर जास्तीत जास्त स्पष्ट येतील अशी स्थिती शोधावी लागते व काम संपल्यावर शीर्ष प्रमाण जुळणीवर परत आणावे लागते. पेचकस पितळेचा किंवा अन्य अचुंबकीय धातूचा असावा. फीत यंत्रात घालण्यापूर्वी कॅसेटच्या मागील कडेवरील प्लॅस्टिकच्या दोन जिभा मोडाव्यात, म्हणजे चुकून मुद्रणाची कळ दाबली गेली तरी मूळ मुद्रण पुसले जात नाही.

झीज : फितीच्या घर्षणाने शीर्षाचा बाकदार पृष्ठभाग सपाट होत जातो व काही काळाने त्यात फितीच्या रुंदीची खाच पडते. भिंगातून पाहिल्यास ती चकाकत्या पट्ट्यासारखी दिसते. झीज फटीच्या तळापर्यंत पोहोचली, की फट रुंदावते व वरचे स्वर कायमचे जातात. सफाईने ते परत येत नाहीत. झिजलेले शीर्ष घासून पुन्हा आकारास आणता येते. पण ते काम विशेष अवजारांचे आहे व खाच उथळ असेपर्यंतच शक्य असते. नवी शीर्षे मिळणे दुर्मिळ झाले आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्ये चुंबकीय फितींवरील साहित्य २०२५ पर्यंत उतरवून घेण्याची निकड मांडली. यूनेस्को व ध्वनी-दृक्‌श्राव्य अभिलेखागारांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी २०१९ मध्ये हाती घेतलेल्या ‘चुंबकीय फीत इशारा’ या प्रकल्पानेही यंत्रे व सुटे भाग यांच्या टंचाईकडे लक्ष वेधले. फितींपेक्षा त्या वाजविणारी यंत्रेच आधी संपतील, असे या क्षेत्रातील पुष्कळांचे मत आहे व ते अवास्तव वाटत नाही.

बिघडलेल्या फिती : काही फितींमुळे स्वच्छ शीर्षही काही मिनिटांत माखते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही रीळ-फितींत पॉलियुरेथेन बंधकाचे हवेतील ओलाव्याने विघटन होते व फीत चिकट बनते. शीर्षावरून जाताना ती कर्कश चिरकते, अडखळते व लेप सोडते. अशी फीत ओढून वाजविण्याचा प्रयत्न तत्काळ थांबवावा. सु. ५० ते ५५° से. तापमानास कित्येक तास नियंत्रित उष्णता देऊन ती तात्पुरती वाजविण्याजोगी करता येते. मात्र हे काम अचूक तापनियंत्रण असलेल्या साधनातच व्हावे, घरगुती भट्टीत नव्हे. त्याहून जुन्या, ॲसिटेटाच्या पायापट्टीच्या फितींना (त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो) ही उष्णता मुळीच देऊ नये.

बुरशी आलेली फीत कॅसेटच्या खिडकीतून पांढुरक्या ठिपक्यांवरून ओळखता येते. ती तशीच लावल्यास बुरशी शीर्षावर व तेथून पुढच्या फितीवर जाते. अशी फीत वेगळ्या डब्यात ठेवून आधी कोरड्या हवेत वाळवावी. मग नाकातोंडाला आच्छादन बांधून मऊ ब्रशने मोकळ्या जागेत झटकावी. तोंडाने फुंकू नये, कारण बुरशीचे कण श्वासावाटे अपाय करतात. त्यानंतरच ती हाताने पुढे-मागे गुंडाळून तपासावी व वाजविण्यासाठी शक्य तर दुय्यम यंत्र वापरावे.

फिरती शीर्षे : चित्रफितीच्या यंत्रात व १९८७ पासून बाजारात आलेल्या अंकीय ध्वनिफितीच्या (डॅट) यंत्रात शीर्षे एका वेगाने फिरणाऱ्या पिंपावर बसविलेली असतात. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रात जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात डॅट फितींवरच केले. त्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकदफ्तराने २०१७ पासून लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. या पिंपावरील फेराइटाची टोके केसाइतकी नाजूक असतात. बोळा कधीही उभा, वर-खाली फिरवू नये. कापसाचा तर उपयोगच करू नये, कारण त्याचा तंतू टोकात अडकून ते मोडते. मऊ सांबर कातड्याची चकती अल्कोहॉलात भिजवून पिंपावर स्थिर धरावी व पिंप बोटाने कडेला धरून हळूच फिरवावे.

दीर्घकाळ न वापरलेल्या यंत्रात फीत अडकवून ठेवू नये व दाब-रूळ दंडाला टेकलेल्या स्थितीत सोडू नये, नाहीतर रबरावर खळगा पडतो व फितीचा वेग डळमळतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा यंत्र अर्धा तास चालवून ते आतून कोरडे ठेवावे आणि त्यासाठी टाकाऊ फीत लावावी.